मुक्काम कोण ठरवतो?

राजस्थानच्या शेखावाटीत ऑक्टोबर ते मार्च या काळात घोड्यावरच्या अनेक दिवसांच्या सफरी निघतात. स्वार मारवाडी घोड्यांवर बसून शेतांच्या कडेने, वाळूच्या वाटांनी एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. तंबू, वैरण, पाणी आणि स्वयंपाकाचे सामान ट्रकमधून पुढे जाते. सोबत मोतद्दार, नालबंद, आचारी असा लवाजमा असतो. अशा प्रवासाची किंमत काय, आणि ती घोडा, गाव व स्वार यांपैकी कोण मोजतो, याबद्दल दोन मते इथे समोरासमोर ठेवली आहेत.

साशंक : घोड्यावरच्या लांबच्या प्रवासाचा विषय निघाला की मला आधी एमे चिफेली आठवतो. मूळचा स्विस, अर्जेंटिनात शाळामास्तर. एप्रिल १९२५ मध्ये त्याने ब्वेनोस आइरेस सोडले तेव्हा सोबत मांचा आणि गातो हे क्रिओयो जातीचे दोन घोडे होते. दोघेही पंधरा वर्षांच्या पुढचे. एकावर स्वार, दुसऱ्यावर सामान, आणि मधून मधून अदलाबदल. अँडीज पर्वत, मध्य अमेरिका, मेक्सिको असे करत सप्टेंबर १९२८ मध्ये तो न्यूयॉर्कला पोचला. प्रवास झाला सुमारे १६,००० किलोमीटरचा. आज पाणी कुठे मिळेल, चारा कोण देईल, पुढची नदी कुठून ओलांडायची, हे त्याला रोज कोणाला तरी विचारावे लागे. त्या विचारण्यातूनच त्याला तो मुलूख कळला.

शेखावाटीतल्या स्वाराला यातले काही विचारावे लागत नाही. सकाळी घोडा खोगीर चढवून तयार, दुपारी झाडाखाली जेवण तयार, संध्याकाळी तंबू उभा आणि अंघोळीला गरम पाणी. नवलगड, मंडावा, डूंडलोदच्या हवेल्या आणि किल्ले यादीत आधीच लिहिलेले. त्याने फक्त बसून राहायचे. मी याला प्रवास म्हणायला तयार नाही. हे घोड्यावर बसून पाहिलेले प्रदर्शन आहे.

अश्वप्रेमी : तुम्ही स्वाराच्या बाजूने विचार करता आहात. थोडा वेळ घोड्याच्या बाजूने करून पाहू. चारशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला आठेक किलो सुका चारा लागतो, शिवाय कामाच्या दिवसांत चंदी. पाणी साध्या दिवशी तीस लिटर, उन्हात चाल असेल तर त्याच्या दीडपट-दुप्पट. दहा घोडे असले तर रोज ऐंशी किलो वैरण आणि चार-पाचशे लिटर पाणी झाले. आता पाठीवरचे ओझे पाहा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापुढे भार जाऊ नये, हा घोडेवाल्यांचा नेहमीचा आडाखा. म्हणजे चारशे किलोंच्या घोड्याला ऐंशी किलो. सत्तर किलोंचा माणूस आणि दहा किलोंचे खोगीर एवढ्यातच तो हिस्सा संपला. तंबू, वैरण, पाणी त्या पाठीवर चढवले तर तुमच्या स्वाराची स्वावलंबनाची हौस घोड्याच्या मणक्यावर भागवली जाईल.

आणि लवाजमा ही काही आजची चैन नाही. सभासदाने १६९०च्या दशकात जिंजीला लिहिलेल्या बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे. बारगिरांच्या दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला. शत्रूच्या मुलखात वेगाने घुसणारे हे सैन्य. त्यानेही पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा माणूस हिशोबात धरला होता, कारण नाल सुटलेला घोडा खडकाळ वाटेवर दोन कोसांत लंगडतो, हे त्यांना ठाऊक होते.

तुम्हाला गरम पाण्याची बादली दिसली. मला पहाटेचा मोतद्दार दिसतो. चंदी देणे, खरारा करणे, चारही खूर उचलून आत रुतलेले खडे काढणे, तंग आवळण्याआधी त्याखाली काटा-कुसळ राहिले नाही ना हे बघणे. संध्याकाळी खोगीर उतरले की पाठीवरून हात फिरवून कुठे गरम लागते, कुठे सूज आहे हे तो पाहतो. आज सुपारीएवढी असलेली सूज उद्या तशीच दाबली गेली तर तिसऱ्या दिवशी जखम होते, आणि पाठीला जखम झालेल्या घोड्याचा प्रवास तिथेच संपतो. घोड्याला ओकारी करता येत नाही. चुकीचे खाल्ले किंवा वेळेवर पाणी मिळाले नाही तर पोटशूळ उठतो आणि तो जिवावर बेतू शकतो. दिवसभराच्या चालीने दमलेल्या एकट्या प्रवाशाकडून हे सगळे रोज, न चुकता होईल अशी खात्री कोण देईल?

साशंक : वजनाचा आणि पाण्याचा हिशोब मला मान्य आहे. पण लवाजमा असला की घोडा आपोआप सुरक्षित झाला, हे मान्य नाही. आखाती देशांतल्या वाळवंटी लांब पल्ल्याच्या शर्यती घ्या. तिथे घोड्यांच्या शेजारून गाड्यांचे ताफे धावत असत. मदतनीस पाण्याच्या बाटल्या पुढे करत, स्वार त्या घोड्याच्या मानेवर रिकाम्या करत. घोडा थंड राहतो म्हणून तो अधिक दामटता येतो, आणि मग हाडे मोडतात. शेवटी २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने संयुक्त अरब अमिरातीच्या राष्ट्रीय महासंघाला निलंबित केले. माणसे कमी पडली म्हणून तिथे घोडे मेले असे कोणी म्हणणार नाही. माणसे हवी तितकी होती. प्रश्न त्या माणसांना कोणत्या कामाला लावले होते हा आहे. घोड्याला विसावा देण्यासाठी आलेला माणूस आणि त्याच्याकडून आणखी दहा किलोमीटर काढून घेण्यासाठी आलेला माणूस, दोघांच्या हातात बादली तीच असते.

अश्वप्रेमी : बरोबर. पण त्यात दोष ताफ्याचा की घड्याळाचा? ऑक्टोबर १८९२ मध्ये जर्मन आणि ऑस्ट्रो-हंगेरियन लष्करी अधिकाऱ्यांनी बर्लिन आणि व्हिएन्ना यांच्या दरम्यान दौडीची चढाओढ लावली. सुमारे ५८० किलोमीटरचे अंतर. विजेत्याने ते सुमारे ७१ तासांत कापले. तिथे मोटार नव्हती, ट्रक नव्हता, स्वार सगळे घोडदळातले कसलेले. तरी वीसहून अधिक घोडे दगावले आणि युरोपभर ओरड झाली. घोड्यांचा जीव घेतला तो वेळेशी लावलेल्या पैजेने.

त्यानंतर हा खेळ जे काही शिकला ते घड्याळाला लगाम घालायलाच. कॅलिफोर्नियात १९५५ पासून चालत आलेल्या टेव्हिस कपच्या दौडीत १६० किलोमीटर चोवीस तासांत पार करायचे असतात. पण शेवटची रेषा ओलांडली म्हणजे झाले असे नाही. घोडा अजून पुढे चालू शकेल अशा स्थितीत आहे असे पशुवैद्याने म्हटले तरच ती दौड पुरी झाली असे धरतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत टप्प्याटप्प्याला हृदयाचे ठोके मोजतात. शांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला तीस-चाळीस असतात. दौडीनंतर ते ठरलेल्या वेळात ६४ पर्यंत उतरले नाहीत तर घोडा बाद. मंगोलियात २००९ पासून होणारी हजार किलोमीटरची शर्यत तेराव्या शतकातल्या मंगोल टपालव्यवस्थेच्या नमुन्यावर बेतली आहे. दर पस्तीस-चाळीस किलोमीटरला घोडा बदलतात, आणि ठोके लवकर उतरले नाहीत तर स्वाराला वेळेचा दंड बसतो. लवाजमा असो वा नसो, स्वाराला 'थांब' म्हणू शकणारा कोणीतरी तिथे उभा हवा. माझे म्हणणे एवढेच आहे.

साशंक : मग शेखावाटीत तो कोण आहे ते सांगा. शर्यतीत पशुवैद्य स्वाराचा नोकर नसतो, म्हणून तो नाही म्हणू शकतो. सफरीत स्वार हाच ग्राहक. मोतद्दार रोजावर आहे आणि शेवटच्या दिवशीच्या बक्षिशीवर त्याच्या घरचा काही खर्च अवलंबून आहे. पाठीवरची सूज त्याला सगळ्यांच्या आधी समजते हे तुम्हीच सांगितले. ती समजल्यावर सात समुद्रांपलीकडून आलेल्या पाहुण्याला 'आज तुम्ही ट्रकमधून या' असे सांगण्याची मुभा त्याला आहे का?

आणि घड्याळ शर्यतीतच असते असे समजू नका. मुक्काम आधी ठरलेला, किल्ल्यातल्या खोल्यांचे पैसे भरलेले, ट्रक दुपारीच पुढे जाऊन तंबू ठोकून बसलेला, आणि पाहुण्यांची परतीची विमाने ठरावीक तारखेची. पस्तीस किलोमीटरवर तंबू आहे म्हटल्यावर घोड्याला पस्तीस किलोमीटर चालावेच लागते. ऑस्ट्रेलियाचा टिम कोप २००४ मध्ये मंगोलियातून निघाला. पहिल्याच दिवसांत त्याचे घोडे चोरीला गेले, ते परत मिळवून तो पुढे निघाला. हंगेरीला पोचायला दीड वर्ष लागेल असा त्याचा अंदाज होता, तीन वर्षे लागली. हिवाळा आला की थांबला, घोडे दमले की थांबला. त्याच्यापाशी मोतद्दार नव्हता, पण थांबायला मोकळीक होती. तुमच्या सफरीत सगळे आहे, एवढी एक गोष्ट नाही.

अश्वप्रेमी : हा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही. चांगल्या पागेत राखीव घोडे सोबत चालवतात, लंगडणाऱ्याला ट्रकमधून नेतात, सलग लांब पल्ल्यांच्या मध्ये एक सोपा दिवस ठेवतात. पण हे सगळे मालकाच्या सद्सद्विवेकावर आहे, नियमावर नाही, हे खरे.

तरीही या सफरी बंद पडल्या तर घोड्याचे काय होईल, तेही बघा. देशाच्या पशुगणनेत २०१२ साली घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१९ च्या गणनेत ती तीन लाख चाळीस हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. टांगा गेला, शेतातले काम कधीच गेले. पुष्कळ घोड्यांना उरले ते लग्नाचे काम. रात्री डांबरी रस्त्यावर, फटाके आणि ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे, कोवळ्या वयातल्या घोडीला नाचवायचे. त्यापेक्षा शेतवाटांनी, थंडीच्या दिवसांत, बरोबरच्या घोड्यांच्या कळपात चालणे हे घोड्याच्या जातीला अधिक जवळचे काम आहे. आपल्याकडच्या भीमथडीचेच बघा. मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली ही तट्टे, पण देशी जात म्हणून त्यांची अधिकृत नोंद व्हायला आजचा काळ उजाडावा लागला. नोंदीने जात कागदावर वाचते. ती पागेत वाचायची तर तिच्यासाठी काम पाहिजे. घोडा गेला की मागोमाग नालबंद जातो, खोगीर शिवणारा जातो, घोड्याचा कान बघून त्याचा बेत ओळखणारा मोतद्दार जातो. ही विद्या पुस्तकातून परत आणता येत नाही.

साशंक : घोड्यासाठी काम हवे, हे कबूल. पण ते काम ज्या शिवारातून चालते त्या शिवाराला कोणी विचारले का? वाट म्हणून जी जमीन तुम्ही वापरता त्यातली पुष्कळशी गावाची गायराने आहेत, किंवा देवाच्या नावाने राखलेली ओरणे. बाकीची शेतांच्या बांधांवरून जाते. रब्बीची मोहरी आणि हरभरा उभा असताना दहा घोडे बांधावरून गेले तर एखादा तरी आत पाऊल टाकणार. नीलगायींच्या त्रासामुळे शेतकरी काटेरी तारा ओढतात. त्या तुम्हाला अडचण वाटतात, त्याला त्या पीक राखण्यासाठी लागतात.

आणखी एक गोष्ट स्वारांच्या ध्यानातही येत नसेल. पायी चालणाऱ्याला घराची कुडाची किंवा मातीची भिंत अडवते. घोड्यावर बसलेल्याची नजर तिच्यावरून थेट अंगणात जाते. तिथे कोणी न्हात असेल, कोणी लेकराला पाजत असेल. गावच्या बायकांनी ती भिंत पाहुण्यांच्या उंचीचा विचार करून बांधलेली नव्हती.

आणि चारा. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र इतिहासाच्या वाचकांना माहीत आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आणि दाणा आताच बेहिशोब संपवलात तर पुढे घोडे उपाशी मरतील, आणि मग लोक गावात घुसून कुणब्यांकडून धान्य, गवत, लाकूड-फाटा उचलू लागतील, ही चिंता त्या पत्रात आहे. स्वाराच्या सोयीचा भार शेवटी कुणब्यावर जातो, हे त्या राजाने ओळखले होते. शेखावाटीत पाऊस हुकलेल्या वर्षी गावातल्या गाई-म्हशींनाच कडबा पुरत नाही. त्या वर्षी तुमचा ट्रक बाजारातून रोखीने वैरण उचलतो. पैसे दिले म्हणून दुसऱ्याच्या गोठ्यातली टंचाई मिटते का?

अश्वप्रेमी : त्याच पत्रात, लागेल ते बाजारातून विकत आणा, गावाकडून काही उकळू नका, असाही हुकूम आहे. आमचा ट्रक त्या हुकमाच्या बाजूचा आहे. विनाताफ्याच्या प्रवाशाचे कौतुक करताना तुम्ही एक गोष्ट बाजूला ठेवता. चिफेली काय किंवा कोप काय, रात्री कोणाच्या तरी दारात उभे राहात. माळावरचा मेंढपाळ, डोंगरातला गरीब शेतकरी यांच्या चुलीवर ते जेवले, त्यांच्या गंजीतले गवत त्यांच्या घोड्यांनी खाल्ले. तो पाहुणचार मोठा, यात शंका नाही. पण तो फुकट नव्हता. ज्याच्याकडे सगळ्यांत कमी होते तोच त्याची किंमत देत होता. ट्रक आला आणि ते ओझे त्या घरावरून उतरले.

टंचाईच्या वर्षाबद्दल मात्र तुमचे बरोबर आहे. त्या वर्षी वैरण दुष्काळ नसलेल्या जिल्ह्यातून आणावी, नाहीतर सफर काढू नये.

साशंक : ओझे उतरले, आणि त्याबरोबर बोलण्याचे कारणही उतरले. हाच तर पेच आहे. स्वार पाणी मागायला दारात आला नाही, म्हणून गावाला त्याचा त्रास नाही. पण मग गावाचा आणि त्याचा संबंध काय राहिला? पोरे हात हलवतात, तो हात हलवतो, घोडा पुढे जातो.

आपल्या जवळचा दाखला देतो. दर वर्षी वारीआधी बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व मजल-दरमजल करत आळंदीला येतात आणि मग माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरला जातात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ माउलींसाठी मोकळी. त्यांच्या सोबतही माणसे आहेत, दाणा-वैरणीची व्यवस्था आहे. म्हणजे त्यांनाही लवाजमा आहेच. पण वाटेवरची गावे त्या अश्वांची वाट बघतात, त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. तो प्रवास गावाच्याही मालकीचा आहे. तुमच्या सफरीत गावाच्या मालकीचे काय आहे?

अश्वप्रेमी : आज फार थोडे. काही मोतद्दार त्याच पट्ट्यातले आहेत, काही दूध-भाजी तिथून येते, बस. श्रद्धेने बांधलेली वाट पैशाने बांधता येत नाही, आणि तसा आव आणणे वाईट. पण वाट ठरवताना गावाला विचारता येईल, पिकाच्या हंगामानुसार ती बदलता येईल, ओरणातून जाण्याआधी पंचायतीची संमती घेता येईल. आणि वस्तीतून जाताना सगळ्यांनी खाली उतरून, लगाम हातात धरून पायी चालावे. घोड्याच्या पाठीलाही तेवढा विसावा मिळतो.

तुमच्या मूळ आक्षेपावर मी असे म्हणेन. ट्रकला पुढे पाठवू नये, मागे ठेवावे. घोडे जिथे थांबतील तिथे तो येईल. मुक्कामांची यादी अंदाजे आहे आणि मोतद्दाराने खोगीर उतरवले तर त्या दिवशी ते पुन्हा चढणार नाही, या दोन गोष्टी पैसे घेण्याआधीच स्वाराला लेखी द्याव्यात. बक्षीस सगळ्यांत वाटून, सफरीआधी घ्यावे, म्हणजे नाही म्हणणाऱ्याचे नुकसान होणार नाही.

साशंक : असे लिहून दिल्यावर किती जण येतील? दहांच्या जागी चार आले तर बाकीचे घोडे पागेत नुसते उभे. काम नसलेला घोडा टिकत नाही असे तुम्हीच म्हणालात.

अश्वप्रेमी : चारांवर पागा चालत नाही. दर वाढवावा लागेल.

साशंक : दर वाढला की येणारा माणूस अधिक पैसेवाला, आणि त्याची सुटी अधिक मोजकी. तो परतीचे तिकीट काढूनच घोड्यावर बसेल. मग मोतद्दारावर दडपण कमी होईल की जास्त?

अश्वप्रेमी : जास्त होईल, अशी भीती मलाही आहे. म्हणून सुरुवात दूरच्या पाहुण्यांपासून करू नये असे वाटते. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. स्वतःचे घोडे असलेले शेतकरी, व्यापारी, हौशी स्वार तिथे येतातच. त्यांच्यातल्या काहींनी बाजार उठल्यावर आपल्याच घोड्यांवरून, मागे एक ट्रक ठेवून, चार-पाच दिवसांचा रस्ता धरावा. घोडा स्वाराचा स्वतःचा असेल तर सूज बघून थांबण्याचे कारणही त्याचे स्वतःचे असेल.

साशंक : स्वतःच्या घोड्याला दामटणारेही मी ऐकले आहेत, आणि शेजारच्या स्वाराशी लागलेली ईर्षा ही कोणत्याही तिकिटापेक्षा कडक असते. पण प्रयोग करून बघण्यासारखा आहे. निघण्याआधी मात्र वाटेवरच्या गावांत जाऊन त्या वर्षी कडबा कोणत्या भावाने जातो आहे ते विचारा, आणि तो भाव ऐकून नाही म्हणायची तयारी ठेवा.